दिवसाच्या लायनीची बोलणी

आमच्या मामेसासऱ्यांइतकी तयारी करून हरणारा माणूस अख्ख्या नेर तालुक्यात नसेल. ते एकाही सौद्यात बेसावध सापडले नाहीत आणि एकाही सौद्यात जिंकले नाहीत. बोरी अरबला जुनी मोटारसायकल पाहायला जायचं होतं, तेव्हा गाडी फारशी न आवडल्याचा चेहरा त्यांनी दोन दिवस आरशासमोर घोटला. तिथे तो चेहरा करताच मेकॅनिक चाचांनी घाईने स्टूल पुढे सरकवलं. ‘बैठो मामा, तबियत खराब है क्या? पानी पिओ.’ त्यांचं पाणी प्यायल्यावर घासाघीस करणं मामांना कृतघ्नपणाचं वाटलं. गाडी सांगितल्या भावात घरी आली. ‘चेहरा थोडा जास्त झाला,’ एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त पाठ हवी, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून तालमीत ते स्वतः समोरचा होतात आणि मामा दुसऱ्या कोणीतरी व्हायचं. गेल्या हिवाळ्यात ते काम माझ्यावर आलं. धाकट्या भावाशी त्यांची विहीर आणि मोटर सामाईक. शेतीची विजेची लाईन एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. दोघांच्या आठवड्याआडच्या पाळ्या अशा पडल्या होत्या की रात्र कायम मामांच्या वाट्याला. आदल्या वर्षी गव्हाला पाणी देताना अंधारात पाटात पडून त्यांचा खांदा निखळला होता. पाळी बदलून आणा, नाहीतर गहू पेरू नका, असं मामींनी बजावलं होतं.

मी मामा झालो, मामा भाऊ झाले. ‘दादा, सांज झाली का मले दिसत नाही,’ ते म्हणाले. मी खांदा पुढे केला. ‘खांदा बसते दादा. डोये कुठून आणू?’ मी प्रत्येक वेळी हरलो. मामा वैतागले. ‘जावईबापू, माही बाजू जरा जोरात मांडा ना!’

दुसऱ्या दिवशी भावाच्या ओसरीवर पोहे आले. ‘बोल दादा, काय काम काढलं?’ मामांनी घसा साफ केला आणि सगळे मुद्दे ओळीने मांडले. सगळे भावाचे.

‘तुले सांजेनंतर दिसून नाही राह्यलं. दिवसाची पाळी तूच ठेव.’

भावाने बशी खाली ठेवली. ‘तुले कोणं सांगतलं? मी तं घरात बी बोललो नाही.’

‘सांगते कोण! मांगं गावातल्या लग्नात संध्याकाळी तू माह्या जवळून गेला, ओळखलं नाही. मले आधी वाटलं, रुसला.’

‘मंग रातचं तू एकटा जाशीन?’

हा प्रश्न तालमीत आला नव्हता. मामा पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसले. शेवटी भाऊच म्हणाला, ‘मी येतो. दिसणार नाही, पण आवाज तं देईन.’

मामींना काय सांगायचं, याची तालीम परतीच्या वाटेवर करायची होती. मामा मात्र मामी व्हायला तयार झाले नाहीत.