मोरीतलं दूध

माझ्या मुलीला अंगावर प्यायला शिकवलं ते माझ्या वहिनीनं, आणि बाळंतिणीच्या खोलीत यायची तिलाच बंदी होती. बंदी घालणारी माझी आई.

कोमलवहिनी म्हणजे माझ्या भावाची, कैलासची, बायको. आमचं गाव कामशेतजवळ. गावाबाहेर गुलाबाची पॉलीहाऊस आहेत, तिथं ती फुलं तोडायला जाते. बोटांवर कायम काट्यांचे ओरखडे, बोलणं कामापुरतं. जानेवारीच्या सुरुवातीला तिला मुलगा झाला. दिवस भरायच्या आधीच झाला आणि काचेच्या पेटीतच गेला. थोड्याच दिवसांत वहिनी कामावर हजर. गावातल्या बाया म्हणाल्या, "लय घट्ट काळजाची हाय." फेब्रुवारीच्या तोंडावर गुलाबाची तोडणी जोरात असते, मुकादमानं बोलावलं, ती गेली. घरी बसून तिनं काय करायचं होतं, हे त्या बायांनी सांगितलं नाही.

त्याच फेब्रुवारीत मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. तळेगावच्या एका दवाखान्यात सिझर झालं, मुलगी झाली. जो तो विचारायचा, आई झाल्यावर कसं वाटतंय? मला काहीच वाटत नव्हतं. टाक्यांच्या आसपासची कातडी बधिर होती, तशीच मीही. बाळाकडे बघितलं की शेजारणीनं घटकाभर सांभाळायला दिलंय असं वाटायचं.

आणि ते बाळ अंगावर घेईना. तोंड उघडायचं, चोखल्यासारखं करायचं, सुटायचं आणि रडून रडून झोपी जायचं. घरी आलो तोवर माझी छाती भरून पाट्यासारखी टणक झालेली. आई आणि शेजारच्या नंदाबाई बाळाचं डोकं धरून छातीवर दाबायच्या. बाळ मान मागं टाकून किंचाळायचं. "पोरगी लय हट्टी हाय," नंदाबाईंचा निकाल. जन्मून आठवडा नाही आणि हट्टी! वाटीचमच्यानं थेंब थेंब पाजत होतो, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. सोमवारी वजन करू, आणखी उतरलं असेल तर ॲडमिट करावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

वहिनी माझं ताट उंबऱ्यापाशी ठेवायची आणि मागं फिरायची. आईनं तिला माझ्यादेखत बजावलं होतं, "तुजा दोष न्हाई गं. पर वल्या बाळंतिणीच्या खोलीत तू नगं. पाचवी हू दे." वहिनीनं मान हलवली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

पाचवी रविवारी आली. सटवाईच्या पूजेसाठी पाटा-वरवंटा धुवायला आई आणि नंदाबाई मागच्या दारी गेल्या आणि बाळ रडायला लागलं. मी भिंतीकडे बघत बसले. रडणं ऐकू येत होतं, पण ते थांबवणं माझं काम आहे असं काही वाटत नव्हतं.

वहिनी दारात येऊन थांबली. हातात डब्याची पिशवी. तोडणीला रविवार नसतो. तिच्या ब्लाऊजवर दोन ओले डाग पसरत होते. तिनं खाली पाहिलं, पदर पुढं ओढला, पिशवी ठेवली. हात धुऊन आली आणि उंबरा ओलांडून आत आली.

"वन्सं, आदी थोडं पिळून काढा. छाती दगड झालीया, ती धरंल कशी? मऊ पडली की धरती."

गरम पाण्यात बुडवलेलं फडकं तिनं माझ्या छातीला लावलं. मग हलक्या बोटांनी मागून पुढं दाबत राहिली. आधी थेंब आले, मग धार लागली. ती तिनं वाटीत धरली.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं. तिचं बाळ तर कधी अंगावर प्यालंच नव्हतं.

"मी मोरीत पिळून टाकायची न्हवं का रोज," वहिनी म्हणाली. "न्हाईतर ताप यायचा." पाण्याची मोटर कशी चालू करायची ते सांगावं, तशा आवाजात म्हणाली.

बाळाचं पोट तिनं माझ्या पोटाला लावलं. डोकं दाबलं नाही, पाठीला तळव्याचा आधार दिला. "घाई नगं. मोठा आ करू द्या तिला." बाळानं जांभई द्यावी तसं तोंड उघडलं, तेव्हा तिनं आधी त्याची हनुवटी माझ्या छातीला टेकवली आणि बाळ माझ्याकडे सरकवलं. बाळानं धरलं. ओढ एवढी होती की मी दचकले. वहिनी बाळाच्या गळ्याकडे बघत होती.

"गिळती," ती म्हणाली. "बघा, गिळती."

दारात आई उभी होती, हातात ओला वरवंटा. ती दिसताच वहिनी उठायला गेली. बाळाच्या पाठीचा आधार हलला, बाळ सुटलं आणि रडायला लागलं.

"उटू नगं," आई म्हणाली. "बस तितंच. धर तिला."

वहिनी बसली. बाळानं पुन्हा धरलं, पोटभर प्यालं आणि मुठी सैल सोडून झोपलं. बाहेर वहिनीला तोडणीला न्यायला आलेल्या टेम्पोनं हॉर्न वाजवला, थोडा वेळ वाजवत राहिला, मग निघून गेला. आईनं पूजेच्या तबकातलं हळदकुंकू आणलं आणि वहिनीच्या कपाळाला लावलं. वहिनीनं लावून घेतलं. चेहरा होता तसाच होता. मग ती उठून मोरीत गेली.

पाण्याचा आवाज येत राहिला. आता तरी रडत असेल, असं मला वाटलं. बाळाला आईजवळ देऊन, भिंत धरत धरत मी मोरीपर्यंत गेले. वहिनी अंगाभोवती पदर गुंडाळून बसली होती आणि ब्लाऊजला साबण लावून घासत होती.

"दुदाचा डाग हाय, वन्सं," ती म्हणाली. "लगीच धुतला न्हाई तर ऱ्हातो."

मुलगी झाल्यापासून मी रडले नव्हते. त्या मोरीच्या दारात रडले, टाके दुखेपर्यंत रडले. वहिनीनं ब्लाऊज पिळला, झटकला, बाजूला ठेवला.

"जा, पडा जरा," ती म्हणाली. "ती उटली की हाक मारा."