साहेब वास घ्यायला तीन वाजता आले

वहिनीला माहेरचे सुके बोंबील हवे होते, म्हणून मी निघालो. बॅगेत कापूर, ओआरएसची दोन पाकिटं आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा. दोन कागदांवर, एक हरवला तर!

पालघरहून बोईसरपर्यंत एसटी, पुढे किनाऱ्यापर्यंत शेअर रिक्षा, तीस रुपये. गावाच्या अलीकडे, पूर्वेला, कचऱ्यापासून खत करण्याचा प्रकल्प लागतो. कचरा शहरातून येतो, खत बागाईतदारांकडे जातं, वास तेवढा गावाला राहतो. फाटकावर पाटी: 'दुर्गंधीमुक्त हरित प्रकल्प'. पाटीखालच्या रखवालदाराने नाकाला गमछा बांधला होता.

"बू? कैसी बू?" मी वासाचं विचारलं तर तो गमछ्यातूनच म्हणाला.

वहिनीची आई, म्हणजे मावशी, वलांडीपाशी होती. वलांडी म्हणजे बांबूंचा मांडव. त्यावर दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वाळत घालतात.

"त्या कचऱ्याची माशी बसली का अळी पडते," मावशी म्हणाली. "व्यापारी हात पन लावत नाय. असंच चाललं तर वलांडी उतरवायची."

त्याच दिवशी प्रकल्पाच्या वासाची सरकारी पाहणी होती. माझं शिक्षण अर्धवट, पण अक्षर बरं. गावाचा तक्रारीचा अर्ज मीच लिहिला. मावशीने त्याला अळी पडलेल्या बोंबलांची जुडी बांधली.

साहेब तीन वाजता आले. समुद्रावरून झकास वारा सुटला होता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "कुठे आहे वास?"

"सायबा, आता वारं दर्याचं हाय. सकाली ये, तवा तिकरनं येतं."

"ऑफिस दहाला उघडतं, मावशी."

"वारं पन दहालाच फिरतं. तुमचं दोगांचं ठरलंय काय?"

सगळे हसले, साहेबही हसले. हसत हसतच त्यांनी लिहिलं: 'वास आढळला नाही.'

"मंग मुक्कामाला ऱ्हा. ओटीवर खाट टाकते."

साहेबांना मीटिंग होती. अर्ज घेतला, जुडी परत दिली. पुरावा कागदावर लागतो म्हणे.

खाटेवर मी झोपलो. मतलई वारा शाळेत भूगोलाला होता, मला कधी कळला नाही. पहाटे पाचला तो प्रकल्पावरून आला, तेव्हा कळला. ओआरएसची दोन्ही पाकिटं संपली. मावशी नाकाला पदर लावून वलांडी उतरवत होती.

घरी वहिनीसमोर रिकामी पिशवी ठेवली. तिने घडी घालून ती कपाटात ठेवली.

तुम्ही जाणार असाल तर दुपारी तीनला पोचा. समुद्र सुंदर, हवा उत्तम. सरकारी कागदावर तसंच आहे. फक्त बोंबील मागू नका.