खिशातली चिठ्ठी

गौरवसमितीने लेख मागितला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. शाळेतली मास्तरकी सांभाळून चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून वीस वर्षे इतिवृत्ते लिहून आता कागद समोर आला की कंटाळाच येतो. शिवाय आमच्या चर्चचे निवृत्त पाळक आदरणीय रेव्हरंड याकोब लोंढे यांच्याविषयी गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मला एकेकाळी त्यांचा राग येत असे. ते लिहिलेले चालेल का, असे मी विचारले. समिती चालेल म्हणाली, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस पाळकसाहेब मिरजेकडून बदलून कोल्हापुरात आले. सामानाचा टेम्पो उतरवून घ्यायला मी आणि दोघे पंच उभे होतो. पाळकीणबाईंनी भांड्यांची पोती सांभाळली होती. साहेबांच्या हातात मात्र मिसळणाच्या डब्याएवढी एक लाकडी पेटी होती, वर फट आणि मागे कडी असलेली. ती कुठे ठेवू, असे मी विचारले. ते म्हणाले, “चर्चच्या दाराशी. खिळा हाय का?” चहाला न थांबता त्यांनी आधी ती पेटी ठोकली. हे प्रकरण जरा विचित्र दिसते, असे मला त्या दिवशी वाटले.

तोवर आमच्याकडे उपासनेत जो तो उभा राहून प्रार्थना करी आणि तिच्यात भाऊबंदकीच जास्त असे. एका बाईंनी समोर बसलेल्या दिराला सुबुद्धी मिळावी म्हणून चांगली दहा मिनिटे प्रार्थना केली होती, तीही शेताच्या बांधापासून सुरुवात करून. पाळकसाहेबांनी ते बंद केले. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचे नुसते नाव चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, कारण लिहायचे नाही. रविवारी ते एकेक नाव वाचत आणि चिठ्ठी कोणी टाकली हे कधी विचारत नसत. पुढे मंडळीत तट पडले, निम्मी घरे दुसऱ्या हॉलमध्ये उपासना करू लागली. तेव्हा तिकडच्या पुढाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आली, तीही त्यांनी वाचली. त्या गृहस्थांचा पाय मोडला तर भेटायलाही गेले. मंडळीच्या कमिटीने खुलासा मागितला. “चहा प्यालो. साखर जास्त हुती,” एवढाच खुलासा मला इतिवृत्तात लिहावा लागला.

त्याच सुमारास मी एक ठराव आणला. मंडळीबाहेर लग्न करणाऱ्या मुलींची नावे सभासदांच्या रजिस्टरातून कमी करावीत. तरुण मंडळी पांगत होती, गायनपथकात चौघे उरले होते, आणि ठराव केला म्हणजे काहीतरी सावरेल असे आम्हा थकलेल्या माणसांना वाटत होते. मुलग्यांचे काय, असे पाळकसाहेबांनी विचारले. मुलगे बायकोला चर्चमध्ये आणतात, असे मी म्हणालो. “आणि हे सगळ्यांच्या पोरींस्नी लागू हाय न्हवं?” त्यांनी पुन्हा विचारले. सगळ्यांच्या, असे मी ठणकावून सांगितले. ठराव मंजूर झाला.

चार वर्षांनी माझ्या मुलीने, रूथने, कागलच्या एमआयडीसीतल्या आपल्या ऑफिसातल्या सदाशिव नावाच्या लिंगायत मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ठराव माझा, रजिस्टर माझ्याच कपाटात. मी पट्टी ठेवून लाल शाईने तिचे नाव खोडले. घरातून तिच्यासाठी चिठ्ठी जाता कामा नये, अशी बायकोला तंबी दिली. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. आज लाज वाटते.

पाळकसाहेब त्याच आठवड्यात घरी आले आणि सवयीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात पाटावर बसले. म्हणाले, “मास्तर, वहीतनं काढलंसा. माझ्या तोंडातनं कसं काढणार?” मी त्यांना त्यांच्याच नियमात पकडले. चिठ्ठीशिवाय तुम्ही नाव वाचत नाही, असे म्हणालो. ते पाटावरून उठले. मग म्हणाले, “व्हय. नियम माझाच हाय.”

त्यांनी तो मोडला नाही. पुढच्या रविवारी सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्यावर ते म्हणाले, “आणि ज्यांची चिठ्ठी टाकायला कुणाचा हात धजला न्हाय, ती.” आणि थांबले. मागच्या बाकावरचा खोकला ऐकू यावा इतका वेळ थांबले. त्यानंतर दर रविवारी थांबू लागले. मला त्यांचा राग येई तो या थांबण्याचा.

असे तीन वर्षे चालले. दुसऱ्या वर्षी मी एक चिठ्ठी लिहिली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पेटीपर्यंत जाई आणि तसाच पुढे बाकावर बसे. शर्ट धुवायला टाकला की बायको ती काढून धुतलेल्या शर्टाच्या खिशात परत ठेवी. शेवटी एका रविवारी मी ती टाकली. पश्चात्ताप हा शब्द फार मोठा आहे. मी दमलो होतो. राग सांभाळायलाही अंगात ताकद लागते, ती संपली होती.

चिठ्ठीवर मी फक्त ‘रूथ’ एवढेच लिहिले होते. पाळकसाहेबांनी ती उघडली, क्षणभर पाहिली आणि इतरांची नावे वाचतात त्याच आवाजात वाचले, “रूथ आणि सदाशिव.” बायकोने माझा हात धरला. मला रडू आले, ते मी लपवले नाही. पाळकसाहेब मग नेहमीसारखेच थांबले. आणखी कुणाची तरी पोर असणार.

त्या आठवड्यात ते मला एस.टी.ने कागलला घेऊन गेले. सदाशिवच्या आईंनी दारात पाणी दिले आणि म्हणाल्या, “या पावणं. लई उशीर केलासा.” मी पायांवर पाणी घेतले. पाळकसाहेबच म्हणाले, “आला की पण.”

ठराव रद्द करावा म्हणून मी तीनदा अर्ज दिला. कमिटीने तीनदा पुढे ढकलला. रजिस्टरात रूथच्या नावावर माझी लाल रेघ तशीच आहे.

पाळकसाहेब आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे धरतात, आवाज बसला आहे. पेटी मात्र दाराशी आहे आणि येत्या रविवारी तिच्यात त्यांच्या नावाची चिठ्ठी पडेल. तिच्यावर कारण लिहिता येत नाही, म्हणून ते इथे लिहितो. देवाने त्यांना आणखी पुष्कळ वर्षे धडधाकट ठेवावे, कारण आमच्यासाठी असे थांबणारे दुसरे कोणी नाही. चिठ्ठी रूथ टाकणार आहे. नाव खोडलेल्या माणसाने चिठ्ठी टाकू नये, असा ठराव मी केलेला नाही.