पदराआडचा गाल

दिवाळे गावच्या ज्या कोळीण मावशींकडून आम्ही मासळी घेतो, त्यांना घासाघीस खपत नाही. कुणी भाव पाडून मागितला की त्या टोपलीवर ओलं फडकं टाकतात आणि दुसरीकडे बघत बसतात. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून बोलणं जरा बोबडं झालं आणि डावा गाल त्या पदराआड ठेवू लागल्या.

यंदा माझ्या वडिलांच्या जिभेवर त्याच रोगाची गाठ निघाली. "या वयात कापाकापी नको," म्हणून ते अडून बसले. मी मावशींजवळ बोललो, तर दुसऱ्याच दिवशी त्या घरी आल्या, वडिलांसमोर बसल्या आणि त्यांनी पदर बाजूला केला.

"बग भाऊ, आता अशी दिसतंय मी. पन जेवतंय, बोलतंय, गिऱ्हाइकाशी भांडतंय पन."

वडील तो व्रण बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "फार दुखतं का?"

"दुखतं. मंग कमी व्हतं."

वडिलांचं ऑपरेशन नीट पार पडलं. परवा त्यांनी मऊ भात आणि बोंबलाचं कालवण खाल्लं, वर मीठ कमी असल्याची कुरकुर केली. मी हे मावशींना सांगितलं.

"मीठ कमी म्हनतो?" त्या हसल्या. "मंग बरा झाला तो."