बारातास सरांची गोळी

लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढत असतानाही आमचे सर मनगटावरचं घड्याळ बघून पुटपुटायचे, “आत्ता किती सुटलं असेल?” यजमान बिचारा भांबावायचा. आम्हाला कळायचं, की डोंबिवलीच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात चाचणीच्या यंत्रातल्या पाण्यात सरांची गोळी फिरतेय आणि यांचा जीव तिथे अडकलाय. रक्तदाबाचं औषध एकदम न सुटता बारा तास थोडं थोडं सुटावं, अशी ती गोळी. म्हणून त्यांचं नावच पडलं बारातास.

शुक्रवारी एमआयडीसीची वीज बंद, म्हणून गुरुवारीसुद्धा ते बारा तासांची चाचणी लावू द्यायचे नाहीत. न जाणो, वीज आधीच गेली तर? मी त्यांच्या हाताखाली नवीन होते. वैतागून एकदा म्हटलं, एखादा तास इकडेतिकडे झाला, तर असं काय बिघडतं? तर म्हणाले, “सगळं एकदम सुटलं, तर माणूस उभ्या उभ्या कोसळेल. मग सांगा काय बिघडलं ते.” अतीच करतात हे, असं मला वाटलं.

गोळी बाजारात आली. ठाकुर्लीला आईच्या डॉक्टरांनी तीच लिहून दिली, आणि मी मोठ्या तोऱ्यात पट्टी घरी नेली. आईला गोळी गिळता यायची नाही. जन्मभर दोन चमच्यांत चुरडून मधातून चाटायची. हे मला ठाऊक होतं हो. तरी ही चुरडू नकोस, एवढं सांगायचं सुचलं नाही, कपाळ माझं! दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली.

डॉक्टरांनी सलाइन लावलं. शेजारच्या फोनवरून मी सरांना कळवलं, तसे ते पांढऱ्या कोटातच धावत आले. दिवसभर आईचं मनगट धरून बसले. घड्याळ बघत होते, पण नेहमीचा प्रश्न काही तोंडातून निघेना. संध्याकाळी आई उठून बसली आणि मला रडू फुटलं. सर खालच्या आवाजात म्हणाले, “यंत्रात मी गोळी अख्खी टाकत आलो. घरी लोक ती कशी घेतात, हे बघायला एकदाही गेलो नाही.”

मग ते वरिष्ठांशी भांडले. गोळी लहान करून घेतली, पट्टीवर मराठीत ‘फोडू नये, चावू नये’ छापून घेतलं. आई मात्र तिला हात लावेना. जुनीच गोळी दिवसातून तीनदा चाटायची, ती दुपारची हटकून विसरायची आणि सर ते मनाला लावून घ्यायचे.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे, हातात दाब मोजायचं यंत्र. डॉक्टरांना आधीच विचारून आले होते. आईला म्हणाले, “ताई, एकदा गिळून बघा. मी इथून हलत नाही.” आईने डोळे मिटून गिळली आणि लहान मुलीसारखं तोंड उघडून दाखवलं. सर तासातासाला दाब मोजत होते. दिवेलागणीला शेवटचा आकडा लिहिला, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि त्यांनी चहा मागितला.

वर्षभरात सर गेले. आई पुढे कितीतरी वर्षं तीच गोळी घ्यायची. गिळली की तोंड उघडून दाखवायची, समोर कुणी नसलं तरी.