खोबरेल लावलेलं इंग्लंड

आखातात अल बर्शाच्या ज्या फ्लॅटात मी कामाला राहते, तिथे हॉलच्या भिंतीवर दादांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, एक मोठी लाकडी चौकट बसवलीय. तिच्यावर पंखवाली नागडी पोरं कोरलेली. कमरेच्या खाली पाय नाहीत, पानंच. त्यांची धूळ काढून काढून माझी मान दुखायची.

दादा पाहुण्यांना सांगायचे, "इंग्लंडच्या राजाने इटलीचे कारागीर बोलावले. मग तिथल्या सुतारांनी छापील चित्रं बघून ही नक्षी उचलली. हा पीस तिकडचाच, जुना."

मी मनात म्हणायची, म्हणजे नक्कलच की! त्यात मिरवायचं काय?

माझा मुलगा बांधकामाच्या साइटवर परांचीवरून पडला, तेव्हापासून गावी अंथरुणात आहे. त्याची औषधं माझ्या पगारावर. म्हणून मी तोंड मिटून पुसत राहिले. रडून औषध येत नाही.

एकदा दादांचे बॉस जेवायला यायचे होते. एसीने लाकूड सुकलंय असं मला वाटलं. आमच्या गावी दाराच्या चौकटीला तेल चोळतात, लाकूड कसं तजेलदार होतं. मी खोबरेल घेतलं आणि एका पोराला चांगलं चोळलं. तर फडकं तपकिरी, आणि पोराचं पोट पांढरंफटक!

दादा ओरडले, "मावशी, काय केलंत हे! अँटिक आहे ते! उद्याच व्हिसा कॅन्सल. खलास!"

माझ्या डोळ्यांपुढे मुलाची खाट आली.

वहिनी आल्या. त्यांनी त्या पोटावर नख ओढलं, पांढरी भुकटी पडली.

"अहो, हे तर जिप्सम आहे, प्लास्टर! इंग्लंडात जिप्समची झाडं असतात का?"

दादा पुटपुटले, "इथल्याच रास अल खोरला एका वर्कशॉपमधून... हुबेहूब करतात गं."

"मग मावशींचा व्हिसा कशाला कॅन्सल? आधी तुमच्या बॉसना खरं सांगा, मग करा."

दादा माझ्याकडे वळून एकदम गोड आवाजात, "मावशी, कोणाला बोलू नका हं."

संध्याकाळी त्या पोटापुढे फुलदाणी होती. बॉस मान डोलवत होते आणि दादा गोष्टीत परत इटलीहून निघाले होते. इंग्लंडात पोचले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन समोर उभी. त्यांची जीभ अडखळली.

"साखर किती?" मी विचारलं.

व्हिसा पुढे वाढला. मुलाची औषधं चालू आहेत. त्या पोरांना मात्र आता मी कोरडं फडकंसुद्धा लावत नाही, आणि दादा मला पुसायला सांगतही नाहीत.