काकांच्या बंदुकीचा दस्ता

कोकण रेल्वे सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. रत्नागिरीत माझं सुतारकामाचं छोटं दुकान होतं. एका सकाळी माझे काका गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक घेऊन आले. देवरूखच्या वाटेवर त्यांची आंब्याची बाग होती आणि माकडांवर त्यांचा भारी राग. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला होता, आणि डाव्या खांद्यावर बंदूक काही जमेना.

"दस्ता वाकवून दे," ते म्हणाले. "खांदा उजवाच राहू दे, पण नळी डाव्या डोळ्यासमोर आली पाहिजे."

दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, आणि लाकडाला तापलं तेल पाजून ते वाकवता येतं हे मला ठाऊक होतं. पण माकडं मारण्यासाठी मला ते करायचं नव्हतं. वडील गेल्यावर याच काकांनी मला उभं केलेलं, म्हणून नाही म्हणवेना.

मी जवसाचं तेल काढलं, तर त्यांनी आपला डबा पुढे केला. "ते नको रे. हे मुशी माशाचं तेल. होड्यांना लावतात."

मी रोज मासे खाणारा माणूस, पण ते तेल तापलं तसा कुजक्या माशांचा वास घशात जाऊन बसला. नळी सोडवून मी दस्त्याच्या बारीक भागाला चिंध्या गुंडाळल्या आणि पळीपळीने तेल ओतत राहिलो. अर्ध्या तासाने लाकूड घाम फुटल्यासारखं पाझरू लागलं. गाल टेकायच्या जागेतून काळा, चिकट मळ वर आला. काकांनी तो बोटाने पुसून कौतुकाने दाखवला.

"बघ, तीस वर्षांचा घाम आहे माझा!"

मी तोंड फिरवलं. शिकंजा आवळून दस्ता दोन दिवस तसाच ठेवला. तो वाकला, आणि छान वाकला.

काकांनी हट्टाने मला बागेत नेलं. फणसावर एक माकडीण निवांत बसली होती, काही खातही नव्हती. बार झाला. ती खाली पडली, उठायला गेली, पुन्हा पडली. काका हसत म्हणाले, "तुझ्या हाताला यश आहे हो!"

मी बागेच्या दगडी गडग्याशी जाऊन ओकलो.

इतर माकडांना दहशत बसावी म्हणून त्यांनी तिला आंब्याच्या कलमाच्या फांदीला टांगलं. मी हात जोडले, तरी ऐकेनात. चार दिवसांनी काकूचा फोन आला. "वासाने जेवण जात नाही रे. हे काढत नाहीत. तू येतोस का?"

मी गेलो. किडे वळवळत होते. नाकाला फडकं बांधून मी दोरी कापली, काकूने खड्डा खणला. काका ओटीवर पेपर वाचत होते. ते उठलेसुद्धा नाहीत.

पावसाळ्यात दमट हवेने दस्ता पुन्हा सरळ होत गेला. काका परत दुकानात आले, हातात तोच डबा. मी गोणपाट सोडूही दिलं नाही.

"मी हात लावणार नाही, काका."

"एका माकडासाठी?"

"मला तुमची किळस आली," मी म्हणालो. आयुष्यात त्यांना उलट बोललो ते तेवढंच. त्यांचा चेहरा उतरला. डबा तिथेच ठेवून ते रिक्षात बसून गेले. मी तेल मागच्या बाजूला ओतून टाकलं. पण तो वास कितीतरी दिवस माझ्या नखांतून गेला नाही, आणि जेवताना घास तोंडाशी नेला की मला माझ्याच हाताची शिसारी यायची.